पिवळ्या दोऱ्याची ओळ

माझ्या टेबलावर चार वह्या असतात. एकीत आजची कामं, दुसरीत उद्याची, तिसरीत ज्यांना फोन करायचे त्यांची नावं आणि चौथीत माझ्या चुका. पहिल्या तीन दर वर्षी भरतात आणि रद्दीत जातात. चौथी मात्र बरीच वर्षं पुरली आहे. एक तर मी चुका बारीक अक्षरात लिहिते आणि दुसरं म्हणजे सगळ्याच लिहायचं धाडस होत नाही. "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण कॉम्प्युटरच्या बाहेरच्या माणसाला कळेल असं लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी ही चौथी वही उघडली. चांगलं झालेलं काम समजावून सांगणं अवघड असतं. बिघडलेलं सोपं.

मी प्रोग्राम लिहिते. पुण्यात नाही, देऊळगाव राजात. बालाजी मंदिराच्या बाजूच्या रस्त्यावर एका कृषी सेवा दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं दोन खुर्च्यांचं ऑफिस आहे. आमच्या भागातून जालन्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाळीची मोठमोठी शेडनेट दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, आत भाजी पिकते. भाजी नाही, आत बी तयार होतं. मिरची, टोमॅटो, काकडी यांचं संकरित बी. हे बी करणाऱ्या शेतकऱ्यांचं एक केंद्र आहे. कोणाचं बी कोणत्या लॉटमध्ये गेलं, तपासणीला कधी पाठवलं, पास झालं की नापास, याची सगळी नोंद माझ्या प्रोग्राममध्ये राहते.

हे बी कसं होतं ते आधी सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातच अडकलेली आहे. मिरचीचं फूल आपलं आपण फळतं. त्याला ते करू द्यायचं नसतं. म्हणून उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर चिमट्याने अलगद उघडायची आणि तिच्यातले पुंकेसर, म्हणजे पराग तयार करणारा भाग, काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग तिच्यावर लावायचे. याला आमच्याकडे सगळे क्रॉसिंग म्हणतात. आणि हे झालं की त्या फुलाच्या देठाला एक रंगीत दोरा बांधायचा. दोरा म्हणजे साक्ष. हे फूल मी पाहिलं, ह्याचं काम मी केलं. पुढे तोडणीला दोरा असलेली मिरची बियाण्यात जाते, दोरा नसलेली फेकून देतात. तोडणारी बाई पुन्हा तपासत बसत नाही. ती फक्त दोरा पाहते.

हे काम बायका करतात. त्यांचे हात, त्यांची नजर आणि दोऱ्याबद्दलची त्यांची सचोटी, एवढ्यावर हा सगळा धंदा उभा आहे. काम न करता दोरा बांधला तर त्याला "खोटा दोरा" म्हणतात आणि आमच्या भागात तो मोठा बोल आहे. कामचुकार म्हटलेलं बाई हसून सोडून देईल. खोट्या दोऱ्याचं नाव लागलं तर तिला दुसरी कोणती टोळी उभी करत नाही.

आता माझं काम. माझ्याकडे माहिती येते ती बाहेरून. कोणी फोनवरून भरतं, कोणी कागदावर लिहून पाठवतं, प्रयोगशाळा तिच्या कॉम्प्युटरवरून पाठवते. बाहेरून आलेल्या माहितीचा काही भरवसा नसतो. पिंपळगाव राजाच्या एका शेतकऱ्याने "क्षेत्र" या रकान्यात "पुरेसं" असं लिहून पाठवलं होतं. मी फोन केला, "काका, तिथं आकडा लागतो." ते म्हणाले, "आकडा तलाठ्याले लागते बाई. तुमाले काऊन?" दुसऱ्या एकाने मोबाइल नंबरच्या जागी लिहिलं होतं, "शेजाऱ्याकडे आहे."

म्हणून मी जी भाषा वापरते, टाइपस्क्रिप्ट, तिच्यात एक तपासनीस असतो. प्रोग्राम चालू होण्याआधी तो माझी प्रत्येक ओळ वाचतो. इथे आकडा हवा, तुम्ही शब्द दिला आहे. इथे रकाना रिकामा असू शकतो, तुम्ही तो विचारच केलेला नाही. असा तो टोकत राहतो. मला हा गृहस्थ फार आवडतो. माझ्यासारखाच आहे, यादी घेऊन बसलेला. पण त्याची एक मर्यादा आहे. तो माझं लिखाण तपासतो, बाहेरून येणारा माल त्याला दिसत नाही. मालावर तो "अज्ञात" अशी चिठ्ठी लावतो आणि मला म्हणतो, हे काय आहे ते तुम्ही सांगा, तोपर्यंत मी याला हात लावू देणार नाही.

सांगायचे दोन चांगले रस्ते आहेत. पहिल्याचं नाव टाइप प्रेडिकेट. हे एक छोटं फंक्शन, म्हणजे एकच काम नेमून दिलेला प्रोग्रामचा तुकडा, असतं. ते मालाकडे पाहून एका प्रश्नाचं उत्तर देतं, हो किंवा नाही. "हा अंतिम निकाल आहे का?" त्या फंक्शनने हो म्हटलं की तपासनीस त्या मालावरची अज्ञात चिठ्ठी काढतो आणि "अंतिम निकाल" ही चिठ्ठी लावतो. दुसऱ्याचं नाव असर्शन फंक्शन. ते हो-नाही करत नाही. माल योग्य असला तर गप्प राहतं आणि नसला तर काम तिथल्या तिथे थांबवून ओरडतं. ते ओरडलं नाही याचा अर्थ माल ठीक, असं धरून तपासनीस पुढे जातो.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट लक्षात ठेवायची असते आणि मी नेमकी तीच विसरले होते. मी आत काय पाहिलं, हे तपासनीस बघत नाही. मी पाहिलं असेल असं तो गृहीत धरतो. माझा शब्द त्याला पुरतो.

कौसाबाई माझ्या ऑफिसचा जिना चढून आल्या तो सोमवार होता. साठीच्या पुढच्या, उंच, काटक बाई. माहेर खामगावकडचं, त्यामुळे इतकी वर्षं इकडे राहूनही त्यांचं मले-तुले गेलेलं नाही, उलट टोळीतल्या बायकांनीही तेच उचललं आहे. त्यांचं स्वतःचं एक शेडनेट आहे आणि सात बायकांची टोळी. केंद्रात त्यांच्या बियाण्याबद्दल कधी कोणी शंका घेतलेली मी ऐकली नव्हती. आदल्या दिवशी केंद्राच्या भिंतीवर निकालाची यादी लागली होती. पास झालेले हिरव्यात, नापास लाल रंगात. यादी माझ्या प्रोग्रामने काढली होती.

"मॅडम," त्या खुर्चीत न बसताच म्हणाल्या, "माह्यं नाव लाल आहे. मले वाचता नाही येत, पण रंग समजते."

मी त्यांचा लॉट उघडला. तपासणीसाठी प्रयोगशाळा लॉटमधलं थोडं बी आपल्या वाफ्यात पेरते, झाडं वाढवते आणि वेगळी निघालेली झाडं मोजते. त्यावरून शुद्धतेचा आकडा येतो. आकडा ठरलेल्या हद्दीच्या खाली असला की नापास.

"शुद्धता कमी आली मावशी."

"किती कमी?"

शुद्धतेचा रकाना रिकामा होता. मला तो रिकामा दिसला, हे मी इथे स्पष्ट लिहिते. मला वाटलं, पडद्यावर आकडा उमटायचा राहिला असेल. दुरुस्त करायच्या किरकोळ गोष्टींच्या यादीत मी ते टाकलंसुद्धा.

"आकडा दिसत नाही. पण नापास आहे."

"आकडा नाही अन् नापास? हे कसं काय?"

"मावशी, यात सगळं दोनदा तपासलं जातं. यात चूक होत नाही."

हे वाक्य चौथ्या वहीत एका पानावर एकटंच लिहिलेलं आहे. बाकी पान मी कोरं सोडलं आहे.

त्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर मी चिडून का होईना, पण पुन्हा पाहिलं असतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आमच्यातल्याच कोनाचा तरी दोरा खोटा." मग म्हणाल्या, "मले ते झाडं पाहाले भेटतील का? कोनतं झाड येगळं निघालं ते डोळ्यानं पाह्यलं तं मले समजंल, चूक कोन्या कामात झाली."

"विचारून सांगते," मी म्हटलं आणि फोन करायच्या यादीत लिहून ठेवलं. सातव्या क्रमांकावर.

सातव्या क्रमांकाचा फोन शुक्रवारी झाला. मधल्या चार दिवसांत वरची सहा कामं मी अगदी वेळेवर केली.

प्रयोगशाळेतल्या माणसाला मी लॉट नंबर सांगितला आणि विचारलं, या शेतकरी बाईंना झाडं बघायची आहेत, कधी पाठवू? तो म्हणाला, "कधीही पाठवा, पण बघायला काही नाही अजून. वीतभर झाडं आहेत. हा लॉट आम्ही उशिरा पेरलाय."

"पण नापास आहे ना तो?"

"फुलावर आल्याशिवाय आम्ही कशाला काही बोलू? नापास कोणी केला?"

"मी," मी म्हणाले.

फोन ठेवून मी फंक्शन उघडलं. चार ओळींचं होतं, माझंच. "हा अंतिम निकाल आहे का?" या प्रश्नाला उत्तर देताना ते एवढंच बघत होतं, की कागदावर "शुद्धता" नावाचा रकाना आहे का. आकडा आहे का, हे बघत नव्हतं. मी ते लिहिलं तेव्हा ठीक होतं, कारण तेव्हा निकाल लागेपर्यंत प्रयोगशाळा तो रकाना पाठवतच नसे. पुढे त्यांनी आपला तक्ता बदलला. सगळ्या कागदांवर सगळे रकाने, निकाल लागेपर्यंत रिकामे. कौसाबाईंचा अर्धा कागद आला, त्यावर रिकामा रकाना होता, माझ्या फंक्शनने सांगितलं, "हो, अंतिम निकाल." तपासनिसाने विश्वास ठेवला. पुढच्या ओळीत आकडा हद्दीपेक्षा कमी आहे का, असा प्रश्न होता आणि मशीन तुलना करताना रिकाम्या जागेला शून्य धरतं. शून्य कमीच. नापास.

लागलं ते पुढचं. मी हे फंक्शन लिहिलं नसतं तर तपासनिसाने मला अडवलं असतं. "अहो बाई, हा रकाना रिकामा असू शकतो, तुलना कशाची करता?" असं तो नक्की म्हणाला असता. त्याचं तोंड मीच बंद केलं होतं, माझा शब्द देऊन.

लाल यादीतल्या बाकी सगळ्या लॉटचे कागद मी त्या दुपारी एकेक करून हातात घेतले. ते खरेच नापास होते. खोटं लाल नाव एकच होतं.

केंद्राचे व्यवस्थापक खरातसाहेब माणूस म्हणून चांगले. मी सांगितल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, वेळेत कळलं. तेवढी यादी बदला, सोमवारी नवीन लावू."

"मी त्यांना जाऊन सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"माझी चूक होती, हे."

"मॅडम, ऐका माझं. तुम्ही असं सांगितलं की उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल, माझाही नापास खोटा. मग काय कराल?"

"प्रत्येकाचा कागद काढून दाखवीन."

"तुमच्या याद्या वाढतील."

"वाढू द्या," मी म्हटलं. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पुढे तीन जण तसे आलेही आणि मी कागद काढून दाखवले.

कौसाबाईंचं शेडनेट गावाबाहेर आहे. मी पोहोचले तेव्हा चार वाजत आले होते, कळ्या उघडायची वेळ. चप्पल बाहेर काढून मी आत गेले. टोळीतली प्रत्येक बाई आपल्या दोऱ्याची जुडी गळ्यात अडकवून काम करते आणि कौसाबाईंच्या टोळीत प्रत्येकीचा रंग वेगळा आहे. ही त्यांचीच पद्धत. जिने काम केलं तिनेच बांधायचं आणि आपल्याच रंगाचा बांधायचा. लाल, हिरवा, निळा, जांभळा, सगळे रंग ओळीओळीतून हलत होते. पिवळी जुडी मात्र दारातल्या खांबाच्या खिळ्याला लटकत होती.

"आल्या मशीनवाल्या बाई," ओळीतून कोणीतरी म्हणालं. "आज आमाले पास करता का नापास?"

"गप बसा वो," कौसाबाई म्हणाल्या. "काय झालं मॅडम? भेटतात का पाहाले झाडं?"

"मावशी, पिवळा दोरा कुणाचा?"

"संगीताचा. काढलं तिले."

संगीता ही त्यांच्या शेजारच्या घरातली सून. कळी कशी धरायची इथपासून सगळं कौसाबाईंनीच तिला शिकवलेलं. नजर तीक्ष्ण, हात हलका, त्यामुळे दिवसाकाठी सगळ्यात जास्त दोरे तिचे.

"तिलाच का?"

"सगळ्यात जास्त दोरे तिचे. मशीन म्हणते का दोरा खोटा आहे, तं मंग कोनाचा असंल? जी भराभर बांधते तिचा. मले असंच वाटलं." त्या हातातला चिमटा पुसत होत्या. "मंगळवारी काढलं. काही बोलली नाही. जुडी गळ्यातून काढली अन् तिथं टांगून गेली."

मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, सगळ्या बायकांसमोर. तक्ता बदलला, रकाना रिकामा होता, मी फक्त रकाना आहे का एवढंच बघायला सांगितलं होतं, आत आकडा आहे का ते बघितलं नाही आणि मशीनने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. निकाल अजून लागायचाच आहे. मी सोपं करून सांगत होते, पण त्यांना त्याची गरज नव्हती. कॉम्प्युटरवाल्या माणसालाही इतक्या लवकर कळलं नसतं.

"म्हंजे," कौसाबाई म्हणाल्या, "तू फूल न पाहता दोरा बांधला."

"हो."

"अन् मी बी तेच केलं."

मॅडमवरून त्या एकदम "तू"वर आल्या होत्या. आमच्याकडे हे रागाचंही असतं आणि घरच्या माणसाचंही. तेव्हा कोणतं होतं ते मला कळलं नाही.

"मावशी, माझं चुकलं."

"मले काऊन सांगून राह्यली? जिले सांगायचं तिले सांग. चाल."

संगीता अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. तिशीची असेल. आम्हाला बघून उठली, पाणी आणलं, सतरंजी टाकली. कौसाबाई बसल्या. शेंगांच्या ढिगातून एक शेंग उचलून त्या सोलत राहिल्या. मग मीच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

संगीताने सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, तुमचं समजलं. तुमी तं मले वळखतबी नव्हत्या." मग कौसाबाईंकडे वळून म्हणाली, "पण मावशी, तुमी एक खेप इचारलं असतं. मी ओळ दाखवली असती."

"कंप्युटर चुकत नाही म्हने."

"कोन म्हने?"

"हे म्हने," कौसाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या आणि मला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात संगीताला हसू आलं. फार नाही, ओठाच्या एका कोपऱ्यात. पण कौसाबाईंना तेवढ्याने धीर आला.

"चुकलं माह्यं पोरी. उद्यापासून ये."

"नाही."

"आता काय?"

"अशी नाही येत. उद्या समद्या जमल्या का पयले माह्यी ओळ तपासा. सोमवारपर्यंतचे माह्ये दोरे आहेत अजून झाडावर. एकेक फूल पलटून पाहा. मंग येईन."

"मले गरज नाही तपासाची. माह्या भरवसा आहे."

"तुमाले नसंल गरज. मले आहे. समद्याईसमोर काढलं होतं, समद्याईसमोर घ्या."

कौसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत पश्चात्ताप होता आणि थोडी शिकवणारीची ऐटही होती. परत येताना वाटेत एवढंच म्हणाल्या, "पोरगी पक्की निघाली."

शनिवारी सकाळी मी पुन्हा गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण माझ्या आजच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर होतं. सगळ्या बायका काम सोडून ओळीच्या तोंडाशी उभ्या होत्या. कौसाबाईंनी चष्मा लावला, पदराने काच पुसली आणि पिवळ्या दोऱ्याच्या ओळीत शिरल्या. त्यांच्यामागे संगीता, तिच्यामागे मी.

पुंकेसर नीट काढलेले असले तर फुलाच्या बुडाशी काही उरत नाही. राहिले असले तर वाळून काळसर होतात आणि जाणत्या नजरेला दिसतात. कौसाबाई दोरा बोटावर घेत, फूल पलटत, बघत, पुढे जात. अर्धी ओळ झाली. सगळं स्वच्छ. दुसरं कोणी असतं तर तिथेच थांबलं असतं आणि म्हणालं असतं, झालं, बस. त्या थांबल्या नाहीत.

ओळ संपत आली असताना एका झाडापाशी त्यांचा हात थबकला. त्यांनी फूल पुन्हा पलटलं. बुडाशी एक काळा केसर चिकटून राहिला होता. एकच.

ओळीच्या तोंडाशी उभ्या बायका माना लांब करून बघायला लागल्या. मला वाटलं, आता झालेल्या सगळ्यावर पाणी.

संगीता पुढे झाली, वाकून बघितलं. "माह्याच चुकला हा," म्हणाली आणि स्वतःच्या हाताने ते फूल दोऱ्यासकट खुडून फेकायच्या पिशवीत टाकलं.

कौसाबाईंनी ओळ शेवटपर्यंत तपासली. आणखी काही निघालं नाही. मग त्या दारापर्यंत गेल्या, खिळ्यावरची पिवळी जुडी काढली आणि येऊन संगीताच्या गळ्यात घातली. "एखादा माह्याबी निघते," एवढंच म्हणाल्या. आणि लगेच बाकीच्यांना, "उभ्या काय राह्यल्या वो? ऊन चढून राह्यलं. परागाचं काम का मॅडम करतीन?"

निकाल तेव्हा लागलेला नव्हता, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. लॉट नापासही झाला असता. संगीता परत घेतली गेली ती निकालाआधी.

निघताना मी कौसाबाईंना सहज विचारलं, तुमच्याकडे कोणता रंग शिल्लक आहे? "पांढरा," त्या म्हणाल्या. "कोनी घेत नाही, मळते." मी त्याचा हातभर तुकडा मागून घेतला. तो माझ्या पडद्याच्या कडेला बांधलेला आहे. खरंच मळला आहे.

त्याच दुपारी मी फंक्शन दुरुस्त केलं. आता ते रकाना आहे का, एवढ्यावर थांबत नाही. आत आकडा आहे का, तो शून्य ते शंभरच्या मधला आहे का, तपासणीची तारीख आहे का, हे सगळं बघूनच हो म्हणतं. नाही म्हणतानाही मी काळजी घ्यायला शिकले. कारण आपण "अंतिम निकाल नाही" म्हटलं की तपासनीस समजतो, म्हणजे अपुरा निकाल असणार. पण तो तिसराच काहीतरी कागद असू शकतो. म्हणून माल आत येतो त्या दारातच एक असर्शन फंक्शन बसवलं. कागद अंतिमही नाही आणि अपुराही नाही, असं दिसलं की ते काम थांबवतं आणि माझ्या नावाने ओरडतं. पहिल्या महिन्यात ते चार वेळा ओरडलं. चारही वेळा बरोबर होतं.

आणि नवीन फंक्शन पारखायला मी एक पेटी केली आहे. तिच्यात आजवर आलेले सगळे नासके नमुने आहेत. रिकामा रकाना, "पुरेसं", "शेजाऱ्याकडे आहे". चांगल्या कागदाला हो म्हणणं कोणालाही जमतं. फंक्शन आधी या पेटीसमोर उभं करायचं, तिथे ते नाही म्हणालं तरच कामावर घ्यायचं.

शिवाय अशा प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर मी आता दोन ओळी लिहिते. काय पाहिलं आणि कोणी पाहिलं. खाली माझं नाव. पुण्यातला एक सहकारी म्हणाला, एवढं कोण लिहितं हल्ली? मी म्हटलं, आमच्याकडे प्रत्येकीचा रंग वेगळा असतो. त्याला समजलं नाही आणि मीही फोनवर समजावत बसले नाही.

काही आठवड्यांनी कौसाबाईंच्या लॉटची झाडं फुलावर आली आणि कागद आला. पडद्यावर नाव हिरवं झालं. मी पडद्यावर थांबले नाही. मूळ कागद मागवून घेतला, सही पाहिली, आकडा पाहिला, आणि मग त्यांना फोन लावला. पाठीमागे बायकांचा आवाज येत होता, त्यात संगीताचं हसणं मला ओळखू आलं.

"मावशी, निकाल आला. पास."

"मशीन म्हणून राह्यलं का तू म्हणून राह्यली?"

"मी म्हणतेय. कागद हातात आहे."

"मंग पास," त्या म्हणाल्या, आणि फोन न ठेवताच ओळीकडे वळून ओरडल्या, "संगे, ऐकलं का वो!"